निर्वासित मूल आणि जवळचा फुटबॉल क्लब

निर्वासितांच्या इतिहासावर बोलायचं म्हटलं की आपण सहसा मोठ्या गोष्टींपासून सुरुवात करतो. युद्ध, फाळणी, करार, सरहद्दी, छावण्या, लाखांचे आकडे. आज आम्ही मुद्दाम एका लहान प्रश्नापासून सुरुवात करणार आहोत. प्रश्न असा: सात-आठ वर्षांचं एक मूल युद्धातून सुटून एखाद्या परक्या शहरात आलं आहे. डोक्यावर छप्पर मिळालं, शाळेत नाव घातलं, डॉक्टरांनी तपासलं. मग त्याची काळजी घेणारं कुणीतरी, आई असेल, मावशी असेल, शेजारीण असेल, विचारतं, "याला फुटबॉल आवडतो हो. इथे जवळपास एखादा साधा क्लब आहे का? फार कडक नको, निवड चाचणी नको, नुसतं खेळू देणारा?"

ऐकायला किती साधा प्रश्न! पण या प्रश्नातल्या प्रत्येक शब्दामागे इतिहास आहे. "क्लब" कुणाचा? "जवळपास" म्हणजे कुठे? आणि "नुसतं खेळू देणारा" क्लब शोधावा का लागतो? मुलांना नुसतं खेळू देणं ही गोष्ट दुर्मीळ कधी झाली? आज आपण याच क्रमाने जाऊ.

क्लब मुळात कुणासाठी होते?

आज फुटबॉल क्लब म्हटलं की डोळ्यांसमोर कोट्यवधींचे करार आणि टीव्हीचे हक्क येतात. पण इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे क्लब निघाले ते वस्तीतून. कुठे चर्चच्या तरुण मंडळातून, कुठे रेल्वेच्या कारखान्यातून, कुठे दारूगोळ्याच्या कारखान्यातून. साउदम्प्टनचा क्लब १८८५ साली सेंट मेरीज चर्चच्या तरुण मंडळातून निघाला, म्हणून त्या संघाला आजही "सेंट्स" म्हणतात. हे शहर लक्षात ठेवा, आपण तिथे परत जाणार आहोत.

आपल्याकडच्या श्रोत्यांना हे समजायला कोल्हापूर पुरेसं आहे. पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ ही आज फुटबॉलच्या संघांची नावं आहेत. पण नावात तालीम आहे, म्हणजे पेठेतली संस्था आधी आणि फुटबॉल नंतर. पेठेतल्या पोराला तालमीत यायला कुणी अर्ज भरायला लावत नसे. तो पेठेतला आहे, एवढी ओळख पुरेशी.

आता यातली गोम बघा. "तो आपल्या पेठेतला आहे" ही ओळख आतल्या मुलाला दार उघडून देते. पण जो कुठल्याच पेठेतला नाही, त्याने काय करायचं? वस्तीचा क्लब जितका आपुलकीचा, तितकंच बाहेरून आलेल्याला त्याचं दार सापडणं अवघड.

ग्लासगो शहराने यावर एक उत्तर शोधलं होतं. १८४० च्या दशकात आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक बुडालं, भयंकर दुष्काळ पडला आणि लाखो माणसं देशोधडीला लागली. त्यातली बरीचशी ग्लासगोच्या पूर्व भागातल्या गलिच्छ वस्त्यांत येऊन राहिली. पुढे त्यांची मुलं-नातवंडंही तिथेच, त्याच दारिद्र्यात वाढत होती. ब्रदर वॉलफ्रिड नावाचे एक आयरिश धर्मबंधू तिथे शाळा चालवत. पोरं उपाशीपोटी शाळेत येतात हे ते रोज बघत होते. नोव्हेंबर १८८७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने एक फुटबॉल क्लब स्थापन झाला. हेतू असा की सामन्यांच्या तिकिटांतून पैसा उभा करायचा आणि त्यातून गरीब मुलांना जेवण द्यायचं. तोच आजचा सेल्टिक. म्हणजे जगातल्या एका नामवंत क्लबच्या मुळाशी बाहेरून आलेल्यांच्या मुलांच्या ताटाचा प्रश्न होता. पण यातही एक बारकावा आहे. त्या मुलांना जेवण मिळालं, पुढे अभिमान मिळाला. खेळत मात्र मोठी माणसं होती. मुलाने स्वतः मैदानात उतरायचं, ही गोष्ट अजून यायची होती.

हबाना बोटीवरची मुलं

आता साउदम्प्टनला परत येऊ. जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झालं. २६ एप्रिल १९३७ रोजी, बाजाराच्या दिवशी, बास्क प्रांतातल्या गेर्निका गावावर बॉम्बफेक झाली. गाव जळून गेलं. बिल्बाओ शहराला वेढा पडलेला. तिथल्या आई-बापांपुढे प्रश्न होता: पोरांना जवळ ठेवायचं की परक्या देशात पाठवायचं?

ब्रिटिश सरकार सुरुवातीला राजी नव्हतं. स्पेनच्या भांडणात पडायचं नाही हे त्यांचं धोरण. शेवटी परवानगी मिळाली, पण अट घालून: सरकारी तिजोरीतून एक पैसाही मिळणार नाही. दर मुलामागे आठवड्याला १० शिलिंगांची हमी स्वयंसेवी समितीने द्यायची. २१ मे रोजी हबाना नावाची बोट निघाली आणि २३ मे १९३७ रोजी साउदम्प्टनला लागली. बोटीवर जवळजवळ ४,००० मुलं होती, आणि ही बोट होती जेमतेम ८०० प्रवाशांची. मुलांसोबत शिक्षिका, मदतनीस बायका आणि काही पाद्री आले, आई-बाप नाहीत. अकरा दिवसांपूर्वीच राजा सहावा जॉर्ज याचा राज्याभिषेक झाला होता. रस्त्यांवर पताका अजून लटकत होत्या. कितीतरी मुलांना वाटलं, हे सगळं आपल्याच स्वागतासाठी आहे.

शहराजवळ नॉर्थ स्टोनहॅम इथे शेतात तंबू ठोकून छावणी उभी केली होती. वरून विमान गेलं की मुलं घाबरून पळत. विमान म्हणजे बॉम्ब, एवढंच त्यांना ठाऊक. महिनाही झाला नाही तोच, १९ जूनला बिल्बाओ पडल्याची बातमी आली. ती छावणीत ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आली आणि मुलांनी एकच आकांत केला. घर राहिलं नाही, आई-बाप जिवंत आहेत की नाहीत ठाऊक नाही, आणि सभोवताली कुणाची भाषा कळत नाही.

यानंतर मुलांना देशभर लहान-लहान गटांत विखरून ठेवण्यात आलं. या घरांना "कॉलनी" म्हणत. सगळीकडे गोडीगुलाबी नव्हती. वेल्समधल्या ब्रेक्फा इथल्या छावणीत मोठ्या मुलांनी दंगा केला, तेव्हा काही वर्तमानपत्रांनी ही पोरं गुंड आहेत, यांना परत पाठवा, असा सूर लावला. पण त्याच वेल्समध्ये, न्यूपोर्टजवळ कार्लीऑन गावात "केंब्रिया हाउस" नावाच्या इमारतीत दुसरी एक कॉलनी होती. तिला दक्षिण वेल्सच्या खाणकामगारांच्या संघटनेचा आधार होता. तिथल्या मुलांनी स्वतःचं नियतकालिक काढलं, नाच-गाण्याचे कार्यक्रम करून पैसे उभे केले आणि स्वतःचा फुटबॉल संघ बांधला. आसपासच्या मुलांच्या संघांशी ते खेळू लागले आणि त्यांनी चांगलंच नाव कमावलं.

आम्हाला इथे एक गोष्ट महत्त्वाची वाटते. ब्रेक्फाची पोरं आणि कार्लीऑनची पोरं एकाच बोटीतून आली होती. एकाच आगीतून सुटलेली. फरक त्यांच्या स्वभावात शोधण्यापेक्षा भोवतालच्या माणसांत शोधावा. कार्लीऑनमध्ये शनिवारी कुणीतरी समोर खेळायला येत होतं. ज्या गावातल्या मुलाशी तुमचं पोर दर आठवड्याला खेळतं, त्या गावाला तुम्ही "ते निर्वासित" राहत नाही. तुमचा गोलरक्षक कोण, डाव्या बाजूने पळणारा तो बुटका कोण, हे लोकांना नावाने कळायला लागतं.

पाच नावं, आणि बाकीची मुलं

हबाना बोटीची गोष्ट फुटबॉलच्या पुस्तकांत सापडते ती बहुधा पाच जणांमुळे. साबिनो बारिनागा साउदम्प्टन क्लबच्या दुय्यम संघांतून खेळला, स्पेनला परतल्यावर रेआल माद्रिदला गेला, आणि डिसेंबर १९४७ मध्ये त्यांच्या नव्या स्टेडियममधला पहिला गोल त्याच्याच नावावर लागला. रायमुंदो लेसामा साउदम्प्टनमध्येच गोलरक्षण शिकला आणि पुढे अॅथलेटिक बिल्बाओचा गोलरक्षक झाला. एमिलिओ अल्देकोआ युद्धकाळात वुल्व्ज आणि नंतर कॉव्हेंट्री सिटीकडून खेळला, पुढे बार्सिलोना आणि स्पेनच्या राष्ट्रीय संघापर्यंत पोचला. होसे आणि अंतोनिओ गाय्येगो हे भाऊ केंब्रिजच्या कॉलनीत वाढले. एक ब्रेंटफर्डला, दुसरा नॉरिच सिटीला खेळला.

गोष्टी मोठ्या सुरस आहेत. पण हिशोब करा: जवळजवळ चार हजारांत पाच. बाकीच्यांचं काय? बहुतेक मुलं दोन-तीन वर्षांत परत स्पेनला गेली, काही शे कायमची ब्रिटनमध्ये राहिली. त्यातले असंख्य मुलगे कुठल्या ना कुठल्या मोकळ्या जागेत चेंडूला लाथा मारत वाढले असतील, आणि त्यांचं नाव कुठल्याही क्लबच्या वहीत नाही. इतिहास लिहिणाऱ्यांचा इथे एक घोटाळा होतो. जो पुढे मोठा खेळाडू झाला त्याच्यावरून आपण ठरवतो की फुटबॉलने मुलांना वाचवलं. म्हणजे जणू मुलाने त्या उपकाराची परतफेड गोल करून करायची! आमचं म्हणणं असं की क्लबची खरी परीक्षा बारिनागाकडे बघून होत नाही. ज्या पोराला धड पास देता येत नव्हता, त्यालाही पुढच्या आठवड्यात "ये रे" म्हटलं का, यावर होते.

आणि त्या बोटीवरच्या मुली? त्याही मोठ्या संख्येने होत्या. त्यांच्यासाठी तर प्रश्नच मिटला होता. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने डिसेंबर १९२१ मध्ये आपल्या सदस्य क्लबांच्या मैदानांवर बायकांना फुटबॉल खेळायला बंदी घातली होती, आणि ती जवळजवळ ५० वर्षं टिकली. म्हणजे एकाच घरातून आलेल्या भावाला मैदान होतं, बहिणीला नव्हतं.

इथे आपल्या महाराष्ट्राची एक आठवण काढायला हवी. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलंडच्या निर्वासितांची वसाहत होती. सुमारे ५,००० माणसं, त्यात बहुतेक स्त्रिया आणि मुलं. सैबेरियाच्या बाजूला हद्दपार झालेली, इराणमार्गे इथवर आलेली. वसाहतीत त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, स्काउट पथकं होती. कोल्हापुरात आजही त्यांचं स्मारक आहे. निर्वासित मुलांना सांभाळण्याच्या या दोन पद्धती झाल्या. वळिवड्यात मुलांभोवती त्यांचं स्वतःचं लहानसं पोलंड उभं केलं, त्यामुळे भाषा टिकली, सण टिकले. ब्रिटनमध्ये मुलं विखुरली, त्यामुळे तुटलेपण जास्त, पण गावातल्या मुलांशी गाठ लवकर पडली. एक बरोबर आणि दुसरी चूक असं नाही. मुलाला दोन्ही लागतं: आपली भाषा बोलणारं घर, आणि दुसऱ्या भाषेत ओरडणारं मैदान.

कागदांचा काळ

१९३७ मध्ये मैदानात उतरायला कागद लागत नव्हते. पुढे परिस्थिती बदलली. १९५१ च्या निर्वासित करारात प्राथमिक शिक्षणाचं कलम आहे, खेळाचा शब्द नाही. खेळण्याचा हक्क आला तो १९८९ च्या बालहक्क संहितेत, ३१ व्या कलमात.

दरम्यान फुटबॉलमध्ये पैसा वाढला आणि एक वाईट धंदा सुरू झाला. गरीब देशांतली मुलं "तुला मोठ्या क्लबात घालतो" असं सांगून युरोपात आणायची आणि चालली नाहीत की रस्त्यावर सोडून द्यायची. हे थांबवायला फिफाने २००१ मध्ये नियम केला: १८ वर्षांखालच्या खेळाडूची एका देशातून दुसऱ्या देशात बदली करायची नाही, काही अपवाद सोडून. २०१५ पासून परदेशातून आलेल्या १० वर्षांच्या मुलालाही आंतरराष्ट्रीय दाखला लागू लागला. आधी ही मर्यादा १२ होती. हेतू चांगलाच होता. पण जाळं टाकलं दलालांसाठी आणि अडकली निर्वासित पोरं. त्यांच्या जुन्या देशातल्या संघटनेकडे चौकशी कशी करणार? ज्या सरकारपासून घर पळालं, त्यालाच पत्ता कळवायचा? म्हणून पुढे जिवाच्या भीतीने देश सोडलेल्या मुलांसाठी वेगळा अपवाद नियमात घालावा लागला.

दुसरी अडचण वयाची. कितीतरी निर्वासितांकडे जन्माचा दाखला नसतो. मग अधिकारी १ जानेवारी लिहून मोकळे होतात. फुटबॉलमध्ये वयोगट म्हणजे सगळं काही. वर्षाचा आकडा चुकला की आठ वर्षांचं पोर दहा वर्षांच्यांत जाऊन पडतं, आणि पहिल्याच दिवशी आडवं होऊन घरी येतं.

दार कुणी उघडलं?

आता अलीकडची दोन उदाहरणं, आणि दोन्हींत आपण खेळाडूऐवजी दाराकडे बघू.

नादिया नदीम हिचा जन्म १९८८ चा, अफगाणिस्तानातल्या हेरातचा. वडील सैन्यात अधिकारी होते, तालिबानने त्यांना मारलं. आई पाच मुलींना घेऊन निघाली आणि डेन्मार्कला पोचली. त्यांना ठेवलं त्या निर्वासित केंद्राशेजारीच फुटबॉलची मैदानं होती. कुंपणापलीकडे मुली खेळताना दिसत. पुढे नादिया डेन्मार्कच्या राष्ट्रीय संघातून खेळली आणि शिकून डॉक्टरही झाली. आता विचार करा, ते केंद्र शहराबाहेर हमरस्त्याच्या कडेला असतं तर? "जवळपास" हा शब्द इथे किती महत्त्वाचा ठरला!

अल्फान्सो डेव्हिसचा जन्म २००० साली घानातल्या बुडुबुराम निर्वासित छावणीत झाला. आई-बाप लायबेरियाच्या युद्धातून पळालेले. तो पाच वर्षांचा असताना कुटुंब कॅनडात आलं आणि पुढे एडमंटन शहरात राहू लागलं. तिथे "फ्री फुटी" नावाचा उपक्रम शाळा सुटल्यावर चालतो. ज्यांना क्लबची फी, बूट आणि ने-आण परवडत नाही, अशा मुलांसाठी. डेव्हिस तिथे खेळला. पुढे तो बायर्न म्युनिककडून चॅम्पियन्स लीग जिंकला हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या उपक्रमाने ओळखलेल्या तीन अडचणी बघा: फी, बूट, बस. यात गुणवत्ता कुठेच नाही. बाहेरून आलेल्या कुटुंबात आई दोन पाळ्यांत काम करत असते. संध्याकाळी पाचला पोराला मैदानावर कोण सोडणार? अर्ध्या मुलांचा फुटबॉल इथेच संपतो.

"निवांत" क्लब हा सुद्धा ठरवून झाला

शेवटचा मुद्दा. "फार कडक नको" असं आपण म्हणतो, तेव्हा वाटतं की कडक क्लब म्हणजे शिस्त आणि निवांत म्हणजे ढिलाई. तसं नाही. मुलांचा खेळ निवांत ठेवायला मोठ्यांनी नियम करावे लागले आहेत.

नॉर्वेने १९८७ मध्ये मुलांच्या खेळासाठी नियमावली केली आणि २००७ मध्ये ती मुलांचे हक्क म्हणून मांडली. मूल ११ वर्षांचं होण्याच्या वर्षाआधी निकाल आणि गुणतक्ते जाहीर करायचे नाहीत, १३ च्या आधी राष्ट्रीय अजिंक्यपद नाही. इंग्लंडने २०१२ मध्ये ठरवलं की सात-आठ वर्षांखालच्यांनी पाच-पाच जणांत खेळायचं, नऊ-दहा वर्षांखालच्यांनी सात-सात जणांत, आणि लहान गटांचे गुणतक्ते छापायचे नाहीत. जर्मनीने २०२४ च्या मोसमापासून देशभर लहानग्यांसाठी दोनास दोन किंवा तिनास तीन असा खेळ सुरू केला, चार छोटे गोल लावून.

यात निर्वासित मुलाचा विशेष विचार कुणी केला नव्हता. पण फायदा त्याला सर्वांत जास्त होतो. अकरा जणांच्या संघात भाषा न येणारं पोर कोपऱ्यात उभं राहतं. तिघांच्या संघात चेंडू त्याच्याकडे येतोच येतो, त्याला काही विचारावं लागत नाही. गुणतक्ता नसला की हरल्याचा दोष "त्या नव्या पोरा"वर जात नाही. आणि ज्या पोराने विमानाच्या आवाजाला दचकायचं शिकलं आहे, त्याच्यावर कडेला उभे असलेले पालक ओरडत नसतील, तर त्याला श्वास घेता येतो.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी परदेशात असाल, शेजारी असं एखादं कुटुंब आलं असेल आणि तो साधा प्रश्न तुमच्यापर्यंत आला, तर या दीडशे वर्षांनी शिकवलेलं एवढं विचारा. मैदान पायी जाण्याजोगं आहे का? नसेल तर कोण नेईल? फी माफ होते का, जुने बूट मिळतात का? प्रत्येक मुलाला सारखा वेळ खेळवतात का, की हुशारांनाच? कागद पुरे होईपर्यंत सरावाला येऊ देतात का? दहा वर्षांखालच्या मुलाला तो आंतरराष्ट्रीय दाखला लागत नाही, हे क्लबच्या चिटणीसाला माहीत आहे का? वयापेक्षा अंगलट बघून गट देतील का? मुलगी असेल तर मुलींचा गट आहे का? आणि एक विचारायचं राहतं ते मुलालाच: पुन्हा जायचं का? तो नाही म्हणाला तर ओढून न्यायचं नाही. आवडता खेळ ही शिक्षा होऊ नये.

क्लब सापडला तरी मुलाचं घर परत येणार नाही, आई-बापांची आठवण जाणार नाही. कार्लीऑनच्या मुलांचीही गेली नसेल. पण आठवड्यातून एकदा, तासभर, त्याची ओळख निर्वासित अशी नसते. "तू आज आमच्या बाजूने," असं कुणीतरी त्याला सांगतं. निर्वासिताला हे वाक्य सहसा कुठल्याच कचेरीत ऐकायला मिळत नाही.

आज इथे थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.